ताई, तुम्ही नकाशा वाचून दाखवलात

ताईंना, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं घालत नाही. "नावबिव कशाला, आवाज पोचला की झालं," असं तुम्हीच फोनवर म्हणाला होतात. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे, हे मी ठरवूनच टाकलंय. दृष्टी गेलेल्या माझ्या सासऱ्यांसाठी तुम्ही पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून पाठवलीत, ते लोकांना कळावं, आणि ज्यांनी हात झटकले त्यांच्याही कानावर जावं, एवढाच हेतू.

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. काचबिंदूनं आधी एक डोळा गेला, मग दुसरा. माणूस वाचणारा. पलटणीतून घरी आल्यापासून दुपारचं जेवण झालं की ओसरीवर पुस्तक घेऊन बसायचे, ते चहाच्या हाकेपर्यंत. आणि पुस्तकं कसली, तर लढायांची. कादंबरी असो, इतिहास असो, फटका असो, पोवाडा असो, लढाई असली पाहिजे. डोळे गेल्यावर हे सगळं एकदम बंद पडलं. चिडचिड केली नाही त्यांनी. बोलणंच कमी केलं. तेच आम्हाला जास्त जड गेलं.

मग सल्ले सुरू झाले. जो येईल तो हरिपाठ लावून द्यायचा. एका शेजाऱ्यानं तर प्रवचनांनी भरलेलं पेन ड्राइव्ह आणून दिलं. हरिपाठाला नाना नाही म्हणत नाहीत, त्यांना तो पाठ आहे. पण म्हातारा आणि आंधळा झाला म्हणजे माणसाला फक्त मोक्षच हवा असतो, हे कुणी ठरवलं? अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेत मी गेले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "या वयात लढाया कशाला? मन शांत राहील असं काहीतरी ऐकवा ना." घरी येऊन नानांना सांगितलं. ते म्हणाले, "माझं मन शांतच आहे. मला पानिपत ऐकायचंय."

दुसऱ्या एका ठिकाणी कॉपीराइटचं कारण पुढे आलं. परवानगी नाही, लेखी आणा, प्रकाशकाकडून आणा. मी पडले बँकेत काम करणारी, कागद वाचायची सवय. आपल्या कॉपीराइटच्या कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली आणि दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात पुस्तक, नफा न कमावता, करून द्यायला मोकळीक मिळाली. त्याच कामासाठीचा मराकेशचा आंतरराष्ट्रीय करार 2014 मध्ये सगळ्या जगाच्या आधी मंजूर केला तोही भारतानंच. हे त्या टेबलामागच्या गृहस्थांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मॅडम, ते सगळं बरोबर आहे, पण आमच्याकडे तशी पद्धत नाही." पद्धत नाही! असो.

शेवटी मुलानं पुस्तकाची पानं स्कॅन करून मोबाइललाच वाचायला लावली. मोबाइलनं वाचलीही, टिपांच्या आकड्यांसकट. "भाऊसाहेब सतरा पुढे सरकले." "होळकर अठरा डावीकडे पाहून." नाना पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा हसले, मग म्हणाले, बंद कर. त्यानंतर विकतचं एक ध्वनिनाट्य आणलं. त्यात तुतारी, घोड्यांच्या टापा, किंकाळ्या, वर एक गृहस्थ छाती फुगवून गर्जना करताहेत. पाच मिनिटांत नानांनी हात वर केला. "लढाईत पार्श्वसंगीत नसतं," एवढंच बोलले.

हे सगळं झाल्यावर तुमचा नंबर मिळाला. कसा मिळाला, कुणाकडून मिळाला, ते लिहीत बसत नाही. तुम्ही एकच प्रश्न विचारलात, तो मात्र लिहायला हवा. "त्यांना काय ऐकायला आवडेल?" इतक्या दिवसांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. बाकी सगळ्यांनी त्यांनी काय ऐकावं ते सांगितलं होतं.

तुम्ही पानिपत तीनदा वाचलंत. आधी विश्वास पाटलांची 1988 सालची कादंबरी, मग शेजवलकरांचा इतिहास, जो लढाईला दोनशे वर्षं झाली त्या 1961 साली मराठीत आला, आणि शेवटी गोविंदाग्रजांचा, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचा, फटका. तीच लढाई, तोच 14 जानेवारी 1761 चा दिवस, आणि तिन्ही वेळा तुमचा आवाज निराळा. कादंबरीत माणसं बोलायला लागली की तुम्ही जरा मोकळ्या व्हायचात, पण नाटक नाही केलंत. इतिहास वाचताना आवाज सरळ. शेजवलकर कुणाला सोडत नाहीत, तुम्हीही कुणाला सोडलं नाहीत, आणि कुणाची बाजू घेऊन आवाज चढवलाही नाहीत. टिपा आल्या की "टीप" असं हळूच म्हणून वाचायच्या, आणि "मजकूर पुढे" म्हणून परत वाटेला लागायचं. आकडा वाक्यात घुसला नाही. कादंबरी ऐकताना नाना गप्प असायचे. इतिहास ऐकताना मात्र वाद घालायचे, तुमच्याशी, शेजवलकरांशी, नाहीतर मल्हाररावांशी. घरात पुन्हा आवाज ऐकू यायला लागला तो या भांडणांचा.

फटक्याला तर मी घाबरलेच होते. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धांनी वीररसाची जी वाट लावली आहे, ती मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. ओरडलं की वीररस झाला, असा एक समज आहे. तुम्ही ओरडला नाहीत. गडकऱ्यांनी त्या ओळी अशा बांधल्यात की त्या आपल्या पायांनी धावतात, त्यांना ढकलावं लागत नाही. तुम्ही फक्त यती, म्हणजे ओळीतली थांबायची जागा, सांभाळलीत. दुसऱ्या कडव्यापासून नाना तुमच्याबरोबर म्हणायला लागले. शाळेत पाठ केलेला, इतक्या वर्षांनी अर्धाअधिक शाबूत निघाला.

पण मी हे पत्र लिहायला बसले ती नकाशासाठी.

इतिहासाच्या पुस्तकात लढाईच्या दिवसाचा भाग आला, आणि मला वाटलं, आता हे पान तुम्ही ओलांडणार. सगळे तेच करतात. "इथे नकाशा आहे," असं म्हणतात आणि पुढे जातात, काही जण तेवढंही म्हणत नाहीत. तुम्ही थांबलात. कागदाची सळसळ ऐकू आली, बहुतेक पान फिरवून बघत होतात. मग म्हणालात, "सुभेदार साहेब, हे आता पुस्तकातलं नाही, माझं आहे. टेबलासमोर बसा. तुमची पाठ पानिपत गावाकडे आहे. तोंड दक्षिणेला, दिल्लीकडे. डावा हात लांब करा आणि टेबलाच्या कडेला ठेवा. ती यमुना. आता तुमच्या आणि दिल्लीच्या मध्ये अब्दाली उभा आहे."

नाना खाटेवर होते, उठून टेबलाशी आले. डावा हात टेबलाच्या कडेला ठेवला.

"यमुनेच्या बाजूला, म्हणजे तुमच्या डाव्या अंगाला, इब्राहिमखान गारदी, तोफा आणि पायदळ घेऊन. मधोमध भाऊसाहेब आणि विश्वासराव. उजव्या टोकाला शिंदे आणि होळकर. घाई नाही. तुमचं मांडून झालं की पुढचं ऐका." आणि खरोखरच तुम्ही मध्ये जागा सोडलीत. रेकॉर्डिंगमध्ये तेवढा वेळ नुसती शांतता आहे, मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली ती सोडून.

नानांनी मला हाक मारली. काडेपेटी आण, अडकित्ता आण, दोन वाट्या आण. काडेपेटी गारद्यांची. भाऊंच्या जागी पालथी वाटी. अडकित्ता शिंद्या-होळकरांचा. समोर अब्दालीला माझा चष्म्याचा डबा. सगळं बोटांनी चाचपून, अंतर मोजून ठेवलं. मग नातवाला म्हणाले, "ह्याला सँड मॉडेल म्हणतात. हल्ल्याच्या आधी जमिनीवर असं करून दाखवायचं. शेवटच्या जवानालाही कळलं पाहिजे आपण कुठे आणि दुश्मन कुठे." त्यानंतर ते रेकॉर्डिंग पुढे गेलं आणि विंचूरकर-गायकवाडांची माणसं फौजेच्या गोलातली आपली जागा सोडून पुढे धावली तिथे नानांनी दोन बोटं काडेपेटीच्या पुढे काढली आणि टेबलावर थाप मारली. "इथं! गोल मोडला तो इथं!" आठवडाभर ते टेबल आम्ही आवरलं नाही. जेवायला खाली बसायचो.

ताई, नकाशा तर होताच. पण त्यात "सुभेदार साहेब" होतं. डोळे गेल्यापासून ते दवाखान्यात "आजोबा" आहेत, बँकेत "बाबा" आहेत, रिक्षात "काका" आहेत. प्रेमानंच म्हणतात लोक, तक्रार नाही. पण हुद्द्यानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तुम्ही त्यांना हुद्द्यानं हाक मारलीत आणि लगेच कामाला लावलंत. दया दाखवली नाहीत. त्यांना कळेल हे गृहीत धरलंत.

नंतर तुम्ही कुसुमाग्रजांची सात वीरांवरची कविता पाठवलीत. ती लताबाईंच्या आवाजात पलटणीत सगळ्यांनी ऐकलेली, तरी नुसती वाचलेली नानांनी पहिल्यांदाच ऐकली. पाठोपाठ तुम्ही नेसरीचा, 24 फेब्रुवारी 1674 चा, प्रतापराव गुजरांचा तोच प्रसंग गद्यात वाचलात. त्यावर नानांचं मत ठाम आहे: कविता एक नंबर, पण सेनापतीनं फौज मागे ठेवून असं जायचं नसतं. अज्ञानदासाचा अफजलखान वधाचा पोवाडा वाचताना तुम्ही आधीच सांगून टाकलंत, "हा डफावर ऐकायचा. मी शाहीर नाही. शब्द तेवढे पोचवते." हा प्रामाणिकपणा किती दुर्मीळ झालाय! आपल्याला येत नाही ते येतं असं न दाखवणं, हेच आता मोठं काम वाटायला लागलंय.

एका संध्याकाळी पानिपतच्या छावणीतल्या उपासमारीचा आणि थंडीचा भाग संपला आणि नाना आपणहून बोलले. 1971 च्या युद्धात, डिसेंबरात, ते आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते, जंगी पलटणीबरोबर, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनबरोबर. ब्रह्मपुत्रा ओलांडून गावाच्या दक्षिणेला वाट अडवून बसले होते. हे आम्हाला माहीत होतं, पदकाच्या डब्यापुरतं. त्या दिवशी म्हणाले, "रात्री काही दिसत नव्हतं. आधी पावलं ऐकू आली." मग थोडं थांबून, "तेव्हाही कानावरच होतो." त्यापुढे बोलले नाहीत. आम्ही विचारलंही नाही.

तुम्हाला कदाचित माहीत असेल, मला नंतर वाचून कळलं, की बोलकी पुस्तकं ही कल्पनाच इंग्लंडात युद्धानं दिली. इयन फ्रेझर नावाचा तरुण अधिकारी 1916 मध्ये, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत गोळी लागून आंधळा झाला. युद्धात दृष्टी गेलेल्यांच्या सेंट डन्स्टन्स या संस्थेत तो आला, पुढे तिचा प्रमुख झाला. ग्रामोफोन ऐकता ऐकता त्याच्या मनात आलं, गाणं तबकडीवर येतं तर पुस्तक का नाही? तेव्हाच्या तबकडीवर जेमतेम काही मिनिटं मावायची. ती हळू फिरवून एका बाजूला साधारण 25 मिनिटं बसवेपर्यंत 1935 साल उजाडलं. त्याच संस्थेच्या नावानं दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या आपल्या सैनिकांसाठी 1943 मध्ये डेहराडूनला वसतिगृह निघालं. म्हणजे आंधळ्या सैनिकानं पुस्तक ऐकणं ही काही उपटसुंभ मागणी नव्हे. सगळं सुरूच तिथून झालं. त्या "मन शांत ठेवा" म्हणणाऱ्या बाईंना हे कुणीतरी सांगा.

चांगली माणसं कमी झालीत असं मला वाटत नाही. चांगली माणसं रांगेत, खिडकीमागे, टेबलामागे बसली की त्यांचं काय होतं, ते मात्र कळत नाही. तुम्ही नोकरी करता, घरी दोन शाळकरी मुलं आहेत, रेकॉर्डिंग पहाटे स्वयंपाकघरात करता, हे मला त्या कुकरच्या शिट्टीवरूनच कळलं होतं, विचारलं ते नंतर. पैशाचा विषय काढला तर तुम्ही फोन ठेवायच्या बेतात होतात. म्हणून पैसे नाही, आमच्या शेतातले घेवड्याचे दाणे आणि गूळ पाठवलाय. परत पाठवलात तर नाना रागावतील, आणि रिटायर झाले तरी सुभेदाराचा राग तो.

आता त्यांची नवी फर्माईश. नानांचे आजोबा पहिल्या महायुद्धात "बसऱ्याला" गेले होते, घरात एवढंच सांगतात. कागद नाही, फोटो नाही. पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात, गेल्या आणि त्यांतल्या काही कुतच्या वेढ्यात डिसेंबर 1915 पासून एप्रिल 1916 पर्यंत अडकून पडल्या, घोड्याचं मांस खायची पाळी आली, हे नानांना ठाऊक आहे. त्यावर मराठीत काही मिळालं तर तुम्ही वाचावं, आणि इंग्रजीच मिळालं तर जमेल तसं मराठीत सांगावं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, त्यांना वेळ असेल तेव्हा. तर म्हणाले, "घाई नाही, पण नकाशासकट म्हणावं. तैग्रिस नदी कुठल्या हाताला ते आधी सांगायला लाव."

तुम्हाला नानांचा रामराम.

तुमची,
सुभेदारांची सून