अर्थची तार पुन्हा जोडणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

स्पीकरमधली घुंऽऽ थांबली, त्याचे आभार आहेतच. पण त्याहून मोठे आभार तुम्ही सगळ्यात आधी केलेल्या कामाचे. ॲम्प्लिफायरचा थ्री-पिन प्लग उघडून, आधीच्या मेकॅनिकने घुंघुं बंद करायला कापलेली अर्थची तार तुम्ही पुन्हा जोडलीत. तीही फेज आणि न्यूट्रलपेक्षा जरा लांब ठेवून, म्हणजे केबल ओढली गेली तर अर्थ सर्वांत शेवटी निसटेल. जोडल्यावर घुंघुं परत येणार हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि ती आलीच. “आवाज शोधता येतो, अर्थ मात्र हवाच,” एवढंच म्हणालात.

ती तार कापून ‘झालं काम’ म्हणणाऱ्याचा राग अजून जात नाही. आत इन्सुलेशन गेलं असतं तर धातूच्या कॅबिनेटवर फेज उतरला असता, आणि अर्थच नसल्याने फ्यूजही उडाला नसता. दुसऱ्याने महागड्या केबल घ्यायला लावल्या. केबल महाग असली म्हणून लूप, म्हणजे दोन ठिकाणी अर्थ झाल्याने बनलेलं प्रवाहाचं वर्तुळ, तुटत नाही!

तुम्ही आधी ऐकलंत. 50 हर्ट्झचा खर्ज वेगळा, दिव्याच्या डिमरची करकर वेगळी. व्हॉल्यूम शून्यावर नेताच आवाज गेला, म्हणजे दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात, इनपुटच्या बाजूला. मग एकेक इनपुट सोडवत गेलात, आणि सेट-टॉप बॉक्सची कोॲक्स (डिशकडून येणारी केबल) काढताच सगळं शांत. तिचं शील्ड, म्हणजे आतल्या तारेभोवतीचं धातूचं आवरण, गच्चीवर वेगळं अर्थ झालेलं, ॲम्प्लिफायर घरच्या अर्थवर. दोन्हींतल्या व्होल्टेजच्या फरकामुळे आरसीए केबलच्या (बॉक्समधून ॲम्प्लिफायरला आवाज नेणाऱ्या) शील्डमधून प्रवाह वाहतो आणि शील्डवर पडणारे मिलिव्होल्ट थेट सिग्नलमध्ये मिसळतात.

कोॲक्सवर साधा आयसोलेटर (लूप तोडणारा जोड) बसवला असता तर डिशच्या एलएनबीला, म्हणजे डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला, त्याच तारेतून जाणारा डीसी अडला असता. म्हणून तुम्ही बॉक्स आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये, आरसीएवर, 1:1 ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावलात; त्यातून आवाज जातो, पण दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना जोडलेल्या नसतात. हलक्या ट्रान्सफॉर्मरचा कोर (आतला लोखंडी गाभा) मोठ्या खर्जाला सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याची क्षमता संपते, तेव्हा खालचे सूर मोठ्या आवाजात वाजवून फाटत नाहीत ना, हेही तपासलंत. ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असता तर ऑप्टिकल वायरच सुचवली असती, म्हणालात. प्रकाशातून लूप होत नाही. विकायला हातात वस्तू असताना तिच्याहून साधा उपाय सांगणारी माणसं थोडी.

सोपी वाट माहीत असून, ती कुणाच्या जिवावर बेतेल म्हणून न घेणं, याला सचोटी म्हणतात. घरातल्या लहान मुलांनी आता त्या कॅबिनेटला हात लावला तरी धडकी भरत नाही. दादा, मनापासून आभार.