बाबा, तो बोल्ट तुटू द्या

नागपूर, 3 जून

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

ट्रॅक्टरमागच्या ग्रास कटरची दुरुस्ती काल पूर्ण झाली. शनिवारी गाडीत घालून मीच आणते. मृगाचा पाऊस लागला की बागेत गवत गुडघ्याला लागतं, आणि तेव्हा रोटाव्हेटर घालायचा मोह होईल. घालू नका. संत्र्याची तंतुमुळं वरच्या फूटभर मातीतच असतात, ती तुटली की झाड खचतं. गवत कापून तिथंच पडू द्या.

कटरचा वरचा पत्रा गिअरबॉक्सच्या बैठकीपाशी फाटला होता. गावात दोनदा वेल्डिंग मारलं, दोन्ही वेळा भेग पुढे सरकली. या वेळी भेगेच्या टोकाला 6 मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे ती तिथं थांबते. मग ग्राइंडरनं खाच करून 7018 नंबरच्या वेल्डिंग रॉडनं भरली आणि वरून इथल्या लोखंडबाजारातून, लोहा ओळीतून, आणलेली जाड पट्टी बसवली, कोपरे गोल करून. टोकदार कोपऱ्यातून नवी भेग निघते. अर्थिंगचा चिमटा त्याच पत्र्याला लावला, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन ते खराब करतो. पाती दोन्ही नवी. एकच बदलली तर वजनाच्या फरकानं सगळं यंत्र थरथरतं, आणि मला वाटतं पत्रा त्यानंच फाटला.

आता बोल्टचं. ट्रॅक्टरवरून कटर फिरवणाऱ्या शाफ्टचा शिअर बोल्ट सारखा तुटतो म्हणून तुम्ही 12.9 चा, म्हणजे फार कडक प्रतीचा, घातलात. तो काढताना माझ्या पोटात गोळा आला. बाबा, खुंट किंवा दगड लागला की तो तुटावा म्हणूनच तिथं आहे. तो तुटला नाही तर झटका गिअरबॉक्सला बसतो. आपल्या कटरच्या पुस्तिकेत त्याहून नरम 8.8 चा आहे, तोच लावलाय, सहा जास्तीचे डबीत ठेवलेत. बदलताना ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, पाती पूर्ण थांबलेली. उचललेल्या कटरखाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय हात घालू नका.

आई, शाफ्टवर नवं कव्हर टाकलंय. मिनिटाला 540, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. पदर अडकला तर सोडवायला वेळच मिळत नाही. डबा घेऊन तू मागून येतेस ते बंद कर. समोरून ये, बाबांना दिसेल अशी उभी राहा, ते मशीन थांबवतील.

पहिली फेरी मी चालवते. बाबा, तुम्ही धुऱ्यावर बसून आवाज ऐका, गिअरबॉक्स नीट बोलतो की नाही ते तुम्हालाच कळतं.

तुमची,
ताई