सँड वॉशच्या घोड्यांसाठी अमेरिकेच्या इंटीरियर मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय,
इंटीरियर खातं, वॉशिंग्टन

नमस्कार. मी मूळची दौंडकडची, आता कोलोरॅडोत राहते, अमेरिकेची नागरिक आहे. इंग्रजी पत्र तुम्हाला वेगळं पाठवलंय. हे मराठीत लिहितेय कारण डेन्व्हर, बोल्डरला आपली एवढी मंडळी आहेत, तीही टॅक्स भरतात, त्या पैशातून काय चाललंय ते त्यांनाही कळू दे.

मागच्या आठवड्यात फेसबुकवर एका घोडीचा फोटो दिसला. दुसऱ्या कुठल्यातरी राज्यातला लिलाव, पाउंडाच्या भावानं विकायला काढलेली जनावरं, आणि त्यात ही उभी, लालसर अंगाची, कपाळावर वाकडा पांढरा पट्टा, मानेवर डाव्या बाजूला फ्रीझमार्क, म्हणजे गोठवून उमटवलेला सरकारी शिक्का. आमच्या कोलोरॅडोतल्या सँड वॉश बेसिन या सरकारी माळावरची जंगली घोडी, मी तिला ओळखते. रात्रीच फोन लावला तर म्हणाले ट्रक सुटला, कुठे सुटला ते सांगायला कुणी तयार नाही. 2007 पासून या देशात घोड्यांचा एकही कत्तलखाना चालू नाही, मग वजनावर घेतलेले घोडे मेक्सिको नाहीतर कॅनडाला जातात, हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही.

साहेब, जंगली घोड्यांना संरक्षण देणारा 1971 चा कायदा राबवायचं काम सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या तुमच्या खात्याकडे आहे. तो कायदा आला कसा? 1950 साली नेवाडात व्हेल्मा जॉन्स्टन नावाच्या एका सेक्रेटरी बाईला हायवेवर ट्रकमधून रक्त गळताना दिसलं, आत जंगली घोडे कोंबलेले होते. तिथून ती बाई वीस वर्षं लढली, शाळेच्या पोरांनी पत्रांचा पाऊस पाडला, तेव्हा कुठे निक्सनसाहेबांनी सही केली. घोड्यांना पश्चिमेच्या इतिहासाची जिवंत प्रतीकं म्हटलंय त्या कायद्यात. पन्नास वर्षं उलटून गेली आणि घोडे पुन्हा ट्रकमध्येच!

मला एवढा त्रास का होतो तेही सांगते. 2021 च्या दुसऱ्या लाटेत माझे बाबा गेले. मला जाता आलं नाही, व्हिडिओ कॉलवर सगळं बघितलं, नंतर कित्येक दिवस मी धड जेवत नव्हते की बोलत नव्हते. नवऱ्यानं गाडीत बसवलं आणि मॉफॅट काउंटीत सँड वॉशला नेलं, चहूबाजूंनी सेजब्रशच्या झुडपांचा माळ, आणि त्या माळावर ही घोडी, पायाशी नवीन शिंगरू. बाबांना घोड्यांचं वेड. आमच्या गावावरून मेंढ्या घेऊन जाणाऱ्या धनगरांची भीमथडी तट्टं बघायला ते मला खांद्यावर बसवून न्यायचे. त्या माळावर मी पहिल्यांदा मोकळेपणी रडले. नंतर आम्ही जातच राहिलो. आणि सप्टेंबरात घोडे हाकून पकडायला तुमच्या खात्याचं हेलिकॉप्टर आलं. कोलोरॅडोचे गव्हर्नर जेरेड पोलिस यांनी सहा महिने थांबा म्हणून सांगितलं होतं, तरी आलं. सहाशेच्या वर घोडे नेले. मी लांब उभी राहून बघत होते, धुळीत शिंगरं मागे पडत होती, आणि ट्रॅपच्या तोंडाशी शिकवून तयार केलेला एक घोडा सोडला, त्याच्यामागे सगळा कळप आत. अजूनही हेलिकॉप्टरचा आवाज आला की छातीत धडधडतं माझ्या.

माळावर चारा-पाणी मर्यादित आहे, दुष्काळ आहे, हे मला कळतं. पण 2025 मध्ये मोकळे घोडे-गाढवं मिळून 73 हजारांच्या आसपास आणि तुमच्या कोंडवाड्यांत 60 हजारांच्या वर, त्यांना सांभाळायला वर्षाला 10 कोटी डॉलर्सच्या वर खर्च, याला व्यवस्थापन म्हणायचं? 2022 ला आमच्याच कॅन्यन सिटीच्या कोंडवाड्यात जवळजवळ दीडशे घोडे फ्लूनं मेले, पूर्ण लस टोचलेली नव्हती. कोंडवाड्यांतली संख्या कमी करायला दत्तक घेणाऱ्याला हजार डॉलर द्यायची योजना काढलीत, वर्षभरानं मालकीचा कागद हातात, की कायद्याचं संरक्षण संपलं. लोकांनी चार-चार घोडे घेतले, पैसे घेतले आणि लिलावात नेऊन विकले. न्यूयॉर्क टाइम्सनं 2021 मध्ये छापलं, तरी 2025 मध्ये फेडरल कोर्टानं योजना रद्द करेपर्यंत चालूच! तोवर गेलेल्या घोड्यांचं काय?

आणि उपाय तुमच्या घरातच आहे. मेरीलँडच्या असाटीग बेटावर तुमचीच नॅशनल पार्क सर्व्हिस 1994 पासून कित्येक वर्षं घोड्यांना पीझेडपी ही गर्भनिरोधक लस लांबून डार्ट मारून दिली, शिंगरं कमी झाली, हेलिकॉप्टर लागलं नाही. सँड वॉशमध्ये स्वयंसेवक स्वतः डार्ट मारायला उन्हातान्हात हिंडतात. नॅशनल अ‍ॅकॅडमी या शास्त्रज्ञांच्या संस्थेनं 2013 लाच सांगितलं की कळप वर्षाला 15 ते 20 टक्क्यांनी वाढतात आणि नुसते पकडून नेले तर उरलेल्यांना चारा भरपूर मिळतो, म्हणून वाढ जोरात चालूच राहते. मग पैसा डार्टवर का नाही, कोंडवाड्यावर का?

कारण भांडण गवताचं आहे. गुरंमेंढ्या चारायला साडेपंधरा कोटी एकर, घोड्यांना अडीच कोटींच्या वर एकर, त्यातही गुरंमेंढ्या वाटेकरी. गाय-वासराचा महिन्याचा चराईदर 2019 पासून 2025 पर्यंत 1 डॉलर 35 सेंट, डेन्व्हरमध्ये तेवढ्यात चहा मिळत नाही! आमच्याकडे गायरान असंच गेलं, कागदावर अख्ख्या गावाचं आणि वापरायला चार घरं. सात समुद्र ओलांडून आले तरी सरकार तेच, ज्याच्यामागे माणसं उभी त्याचं ऐकणारं, आणि घोड्यांच्या मागे कोण, तर सुट्टीला कॅमेरा घेऊन जाणारे आमच्यासारखे. मेंढपाळांशी माझं वाकडं नाही, मी धनगरांच्या गावची आहे. पण सगळ्यांच्या जमिनीवर कोणाची किती तोंडं चरतात ते लपवून दोष फक्त घोड्यांना देणं मला मान्य नाही.

तर, आभाराचं छापील उत्तर नको, आकडे पाठवा. गेल्या वर्षी कोणत्या कळपातल्या किती घोड्यांना लस दिली. मालकीचा कागद दिल्यावर किती घोडे लिलावात दिसले आणि तुम्ही किती जणांवर केस केली. आणि सँड वॉशमध्ये घोड्यांच्या जोडीला किती मेंढ्या चरतात, महिन्यागणिक. हे आकडे येईपर्यंत तिथे हेलिकॉप्टर आणू नका. आणलंत तर मी तिथेच असेन, आणि यावेळी एकटी नसेन.

कोलोरॅडोतली एक मराठी नागरिक