हालोलच्या जागेसाठी अर्ज करण्यापूर्वी

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याच ग्रुपच्या हालोलच्या प्लँटमध्ये मेंटेनन्स प्लॅनरची (देखभालीच्या कामांचं नियोजन करणाऱ्याची) अंतर्गत जागा निघाली आणि तू अर्ज करणार, हे वाचून फार बरं वाटलं. पण ‘मला तिथे सगळे ओळखतात, अर्ज नावापुरताच’ हे डोक्यातून काढून टाक. ओळखणाऱ्यांना तुझा स्वभाव माहीत असतो. काम कानावर आलं असेल तेवढंच. निवड करायला एचआरचे आणि दुसऱ्या खात्याचेही लोक बसतात. त्यांच्यापुढे फक्त तुझा कागद असतो.

आधी जाहिरातीची पीडीएफ करून ठेव. मुदत संपली की ती बऱ्याचदा कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवरून निघून जाते आणि मुलाखतीच्या वेळी हाताशी काहीच राहत नाही. पात्रता नीट बघ: सध्याच्या जागेवर ठरलेला काळ (बहुधा १२ ते २४ महिने) झालेला असणं, मागच्या अप्रेझलचं रेटिंग, वॉर्निंग लेटर नसणं. एक जरी अट बसली नाही तरी अर्ज छाननीतच पडतो, पुढचा मजकूर कुणी वाचत नाही.

मग एका कागदावर तीन रकाने आख. पहिल्यात जाहिरातीतली मागणी त्यांच्याच शब्दांत, दुसऱ्यात तू केलेलं काम, तिसऱ्यात त्याचा पुरावा: लॉगबुक, डाउनटाइमची (मशीन बंद राहिलेल्या वेळेची) नोंद, नाहीतर ते काम पाहिलेला माणूस. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते वाक्य अर्जात नको.

प्रेस शॉपमधलं डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलण्याचं काम तुझ्या अर्जाचा कणा आहे. ‘डाउनटाइम कमी करण्यात सहभागी होतो’ असं लिहिलंस तर ते वाया गेलं, कारण सहभागी तर चहा आणणाराही असतो. असं लिही: ‘डाय बदलायला सरासरी ९० मिनिटं लागत. नवी डाय, बोल्ट आणि पाने प्रेस थांबवण्याआधीच जवळ आणून ठेवण्याचा क्रम मी ठरवला, तिन्ही शिफ्टच्या फिटरना शिकवला. वेळ ५५ मिनिटांवर आला.’ आकडे मी उदाहरणादाखल घातलेत, तुझे तू रजिस्टरमधून काढ. आधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन महिन्यांची सरासरी घे. सगळ्यात चांगला दिवस उचलून दाखवलास तर पहिल्याच उलटप्रश्नाला उघडा पडशील. ‘आम्ही’ आणि ‘मी’ यांतला फरकही स्पष्ट ठेव. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणायला जीभ अडखळते, पण निवड एका माणसाची होणार आहे, टीमची नाही.

जे येत नाही ते झाकू नकोस. एसएपी या सॉफ्टवेअरच्या पीएम (प्लँट मेंटेनन्स) मॉड्यूलमध्ये तू नोटिफिकेशन, म्हणजे बिघाडाची नोंद, टाकतोस; वर्क ऑर्डर, म्हणजे दुरुस्तीची कामं, प्लॅन केलेल्या नाहीत. तेवढंच लिही, आणि ते शिकायला कुणाजवळ बसायला सुरुवात केली आहेस तेही. नुसतं ‘एसएपीचं ज्ञान’ लिहिलंस तर प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचं (बिघाड होण्याआधीच्या देखभालीचं) वेळापत्रक कसं लावतोस, हा प्रश्न ठरलेलाच.

सगळं मिळून एक पान, २५० ते ३०० शब्द. तुमच्या खात्यातले शॉर्टफॉर्म काढून टाक, हालोलला ते कळणार नाहीत. एकाच वेळी चार-पाच जागांना अर्ज करू नकोस; एचआरला ते सगळे एकत्र दिसतात आणि याला नेमकं हवंय काय, असा प्रश्न पडतो.

‘सबमिट’ दाबायच्या आधी तुझ्या साहेबांना स्वतः सांग. बऱ्याच पोर्टलवरून त्यांना आपोआप मेल जातो. तो मेल आधी पोचला की माणूस दुखावतो, आणि तुला सोडायची तारीख शेवटी त्यांच्याच हातात असते. तुझी कामं कोण सांभाळेल आणि त्याला तयार करायला किती आठवडे लागतील, हे ठरवूनच त्यांच्यापुढे जा.

ज्यांच्या हाताखाली जायचं त्यांच्याकडे १५ मिनिटं माग. जागा रिकामी का झाली, पहिल्या सहा महिन्यांत काय व्हायला हवं, आणि सध्या तात्पुरतं कुणी ते काम बघतं का, एवढं विचार. कुणी बघत असेल तरी अर्ज कर. फक्त त्याच्याकडे नसलेलं तुझ्याकडे काय आहे, ते पहिल्याच परिच्छेदात आण.

पैशाचं मात्र नीट तपास. ग्रेड तीच असेल तर पगार बहुधा वाढत नाही, आणि जनरल शिफ्टला गेलास की शिफ्ट अलाउन्स जातो. शिवाय हालोल बडोद्याहून साधारण ४० किलोमीटर. कंपनीची बस तुझ्या भागातून जाते का? सगळ्यात महत्त्वाचं, हालोलचा प्लँट त्याच कंपनीच्या नावावर आहे की ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीच्या, ते ऑफर लेटर येण्याआधी विचार. दुसरी कंपनी असेल तर राजीनामा घेऊन नव्याने नेमणूक करतात. तेव्हा सेवा सलग धरली जाईल असं लेखी घे, नाहीतर ग्रॅच्युइटीसाठी लागणारी ५ वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जाण्याचा धोका आहे. पीएफचा यूएएन, म्हणजे सभासदाचा कायमचा क्रमांक, तोच राहतो, पण जुन्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात आली का, हे पासबुकात बघ.

मसुदा झाला की जाहिरातीसकट मला पाठव. तीन रकान्यांचा कागदही पाठव. मी तो आधी वाचेन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मकरंद