भाषांतर कोणत्या इंग्रजी प्रतीवरून केलं, तेही छापा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत उन्हाळी सुट्टीसाठी परदेशी कादंबऱ्यांच्या मराठी भाषांतरांची यादी आली आहे. त्यात ड्यूमा, ह्यूगो आणि ज्यूल व्हर्न असे तिघे फ्रेंच आहेत; आपल्याकडे ते येतात ते मात्र इंग्रजीवरून. पुस्तकाचं नाव, पानं, किंमत सगळं दिलंय, पण भाषांतर कोणत्या इंग्रजी प्रतीवरून झालं याचा पत्ता एकाही नोंदीत नाही. यादी करणाऱ्याला बोल लावत नाही, कारण मुळात पुस्तकांतच ते छापलेलं नसतं. मी साखर पेठेत बाइंडिंगचं काम करतो. वाचनालयांची आणि घरोघरची फाटकी पुस्तकं आधी उसवायची आणि मग शिवायची हा धंदाच असल्यामुळे पुस्तकाची पहिली चार पानं माझ्या नजरेखालून जातातच. तिथे 'मूळ लेखक : अलेक्झांडर ड्यूमा' एवढं असतं आणि खाली थेट मराठी नाव. मधला इंग्रज गायब!

हा मधला इंग्रज साधा नाही. 'थ्री मस्केटिअर्स' १८४४ साली पॅरिसच्या 'ल सिएक्ल' या दैनिकात हप्त्याहप्त्याने आली आणि दोनच वर्षांत तिचं इंग्रजी झालं. १८४६चं विल्यम बॅरो यांचं भाषांतर एरवी मुळाला धरून आहे, पण स्त्रीपुरुष संबंधांचा उल्लेख आला की कात्री चाललीच. कथानायक दार्तान्यां रात्रीच्या अंधारात दुसऱ्याच्याच नावाने मिलेडी या खलनायिकेच्या खोलीत शिरतो, हा कथेचा कणा. तो प्रसंग इतका सोवळा करून ठेवलाय की पुढे ती बाई त्याच्या जिवावर का उठते तेच उमगत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, ड्यूमालाच गोष्ट नीट सांगता आली नाही.

'मॉन्टे ख्रिस्तो'चंही तेच. लंडनच्या चॅपमन अँड हॉल या प्रकाशनाने १८४६ साली काढलेल्या भाषांतरावर अनुवादकाचं नावच नाही. पुढच्या दीडशे वर्षांत जगभर हीच प्रत थोडीफार डागडुजी करून पुन्हा पुन्हा छापली गेली. कादंबरीतल्या फ्रान्झला गुहेत हशीश दिल्यावर पडणारं स्वप्न त्यात निम्मं विझलेलं आहे. युजेनी डांग्लार आणि तिची मैत्रीण लुईझ यांचं नातं ड्यूमाने ज्या मोकळेपणाने सुचवलं, तेही पातळ केलंय. १९९६ साली रॉबिन बस यांनी पेंग्विनसाठी नवं भाषांतर केलं, तेव्हा कुठे इंग्रजी वाचकाला हे धड वाचायला मिळालं. आपण मराठीत जी वाचतो ती यांपैकी कोणती?

त्या काळच्या इंग्रजांची अडचणही समजून घ्यायला हवी. लंडनमध्ये म्युडी यांचं वर्गणीचं ग्रंथालय १८४२पासून चालू होतं आणि घरातल्या मुलीबाळींपुढे ठेवता येणार नाही असं पुस्तक तिथे घेतलं जात नसे. प्रकाशकाने पोटाकडे बघितलं, एवढंच.

पण कात्री फक्त शृंगारावरच चालली असती तर मी पत्र लिहायला बसलो नसतो. ह्यूगोची 'ले मिझराब्ल' १८६२ची. साने गुरुजींनी तीच आपल्याकडे 'दुःखी' म्हणून आणली. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध पेटलेलं होतं. चार्ल्स विल्बर यांचं भाषांतर त्याच वर्षी न्यूयॉर्कला निघालं आणि १८६३मध्ये गुलामगिरीसाठी लढणाऱ्या दक्षिणेतल्या रिचमंड शहरात त्याचीच आवृत्ती निघाली, ती गुलामगिरीवर ताशेरे ओढणारे परिच्छेद काढून! मात्र तिथल्या संपादकाने प्रस्तावनेतच कळवून टाकलं की दक्षिणेतल्या वाचकांना त्या मजकुराची गरज नाही, म्हणून गाळला. हेतू वाईटच, पण निदान चोरून केलं नाही. आपल्याकडे एवढंही कुणी सांगत नाही.

आणि आता आपल्या जिव्हाळ्याचं. ज्यूल व्हर्नच्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये शेवटी पाणबुडीवाला कॅप्टन नेमो आपली हकिगत सांगतो. तो निघतो बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कर. व्हर्नच्या फ्रेंचमध्ये १८५७च्या उठावाचा आत्माच हा दक्कर आहे, आपली बुद्धी आणि संपत्ती तो त्यापायी लावतो. १८७५ला लंडनमध्ये निघालेल्या इंग्रजी पुस्तकावर नाव डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन यांचं (काम त्यांच्या पत्नी ॲग्नेस यांनी केलं, असं आता अभ्यासक मानतात). त्यात हाच दक्कर स्वतःच्या महत्त्वाकांक्षेपायी उठावात सहज ओढला जातो. इंग्रजांनी या देशाला बेबंदशाहीतून काढून शांतता आणि भरभराट दिली होती, पण अडाणी आणि अंधश्रद्ध लोक धूर्त राजांच्या हातचं बाहुलं झाले, असंही तिथे लिहिलंय. व्हर्नने असलं काही लिहिलेलं नाही. ते लंडनमध्ये घातलं गेलं आणि व्हर्नच्या नावावर खपलं. ज्या सोलापुरावर १९३०च्या मे महिन्यात मार्शल लॉ लादला गेला, ज्या गावचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले, त्या गावातल्या पोरांनी सत्तावन्नची ही हकिगत 'जागतिक अभिजात' म्हणून वाचायची काय?

ही प्रत ओळखायची खूण सोपी आहे. व्हर्नच्या कादंबरीतल्या इंजिनिअरचं नाव सायरस स्मिथ, किंग्स्टनच्या प्रतीत तो सायरस हार्डिंग होतो. गेल्या पावसाळ्यात भिजलेलं एक मराठी पुस्तक माझ्याकडे बांधायला आलं. पुठ्ठा निघालेला, खळ सुटलेली, मुखपृष्ठाचा पत्ता नाही. पानं वाळत घालताना दुसऱ्याच फर्म्यात (एकत्र शिवलेल्या पानांच्या जुडीत) 'कॅप्टन हार्डिंग' दिसले आणि मराठी कुठून उतरलं ते तिथल्या तिथे कळलं. फर्मा गळाला तर पृष्ठांक तुटतात, गिऱ्हाईकसुद्धा ओरडतं. वाक्यं गाळली किंवा घुसडली तर पृष्ठांक सलगच राहतात, ओरडणार कोण?

ही आडवाट जुनीच आहे म्हणा. ह्यूगोचं इंग्रजी करणाऱ्यांत इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सही होता आणि हरिभाऊ आपट्यांनी आपली पहिली कादंबरी 'मधली स्थिती' त्याच रेनॉल्ड्सच्या कादंबरीच्या आधारे रचली. पण ते दिवस वेगळे होते, मिळेल त्यावर भागवावं लागे.

आज भागवायचं कारण पैसा आहे, दुसरं काही नाही. जुन्या भाषांतरांचा कॉपीराइट कधीच संपला, ती इंटरनेटवर फुकट उतरवून घेता येतात. बस यांच्यासारख्यांच्या नव्या भाषांतराला परवानगी लागते, पैसे मोजावे लागतात, कारण आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. मूळ फ्रेंच मात्र सगळ्यांना खुलं आहे आणि पुण्यामुंबईत फ्रेंच शिकलेली मराठी मुलं-मुली पुष्कळ आहेत. त्यांना कुणी विचारत नाही, कारण त्यांना मानधन द्यावं लागेल!

तेव्हा मराठी प्रकाशकांनी पुस्तकाच्या चौथ्या पानावर एक ओळ वाढवावी : कोणत्या इंग्रजी प्रतीवरून, कुणाच्या, कोणत्या सालच्या. मुलांसाठी गोष्ट आटोपशीर केली असेल तर 'संक्षिप्त' हा शब्द मुखपृष्ठावर, वाचता येईल एवढ्या टायपात. आणि आपल्या पुरवणीने परीक्षणाला आलेल्या पुस्तकात ही ओळ नसेल तर प्रकाशकाला फोन करून विचारावं, तरीही उत्तर मिळालं नाही तर परीक्षणाखाली 'मूळ इंग्रजी प्रत : कळवलेली नाही' असं छापावं.

आपला,
एक बुकबाइंडर,
साखर पेठ, सोलापूर