खापर बुडबुड्यावर कशाला?

महोदय,

सिरॅमिकचे शिल्प भट्टीत फुटले की खापर ठरलेल्या आरोपीवर फुटते: मातीतला हवेचा बुडबुडा. हा आरोप चुकीचा आहे. पुरती सुकलेली माती बुडबुड्यासकट सुखरूप भाजते. फोडते ते आत राहिलेले पाणी. 100 अंशांना त्याची वाफ होते आणि जाड मातीतून तिला पटकन बाहेर पडता येत नाही.

'दोन दिवस घडवा, तिसऱ्या दिवशी भाजून न्या' अशा कार्यशाळा म्हणूनच खटकतात. एखादी टाइल जमेलही. वडाच्या पारंब्या किंवा चाळीचे जिने मनात धरून रचलेला अमूर्त आकार नाही जमत. तो पोकळ हवा, भिंत एक ते दीड सेंटिमीटर, पोकळीला बारीक छिद्र. मातीत 20 ते 30 टक्के ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा, मिसळला की आकसणे कमी होते आणि ओल बाहेर पडते. पारंबी आधी सुकते, खोड मागाहून, आणि नेमका सांधा तडकतो. त्यामुळे जोडताना दोन्ही भाग सारखेच ओलसर असावेत, सांध्यावर ओरखडे काढून स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, लावावी आणि बारीक भाग प्लॅस्टिकने झाकून ठेवावेत. शिल्प गालाला गार लागले तर आत ओल आहे असे समजावे. पावसाळ्यात ते तीन आठवड्यांनीही गार लागू शकते!

बांधकामावरच्या सळ्यांचा मोह अनेकांना होतो. लोखंड मातीत घालून भाजू नये. स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची माती, सुमारे 12 टक्के आकसते, सळई आकसत नाही, माती चिरते. आधी भोक ठेवावे, तेही आकसणार हे धरून मोठे, आणि भाजल्यावर सळई इपॉक्सीने बसवावी.

पहिल्या भाजणीत 80-90 अंशांवर रात्रभर थांबावे. पुढे 600 पर्यंत तासाला 60-70 अंशांहून जास्त घाई नको, कारण 573 च्या आसपास मातीतले क्वार्ट्झ हे खनिज एकदम फुगते. ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, जाड लावला तर मातीवर उमटवलेला झाडाच्या सालीचा किंवा गटाराच्या झाकणाचा ठसा बुजतो. त्यापेक्षा आयर्न ऑक्साइड चोळून पुसलेला बरा.

कार्यशाळेच्या जाहिरातीत भाजणीची तारीख किमान तीन आठवडे पुढची असावी, पावसाळ्यात त्याहून लांबची, एवढीच आयोजकांना विनंती.

– एक सिरॅमिक शिल्पकार, पुणे