विषय : परदेशातील रोमिंगचे चुकीचे बिल, ₹18,950.80

दिनांक 20 जून 2025
कोल्हापूर

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

संदर्भ : 1) 5 जून 2025 चे पोस्टपेड बिल. 2) माझी 25 मे रोजीची ई-मेल तक्रार. 3) तक्रार बंद केल्याचा आपला 16 जूनचा एसएमएस.

महोदय,

मी आपल्या कंपनीचा चौदा वर्षांपासूनचा पोस्टपेड ग्राहक आहे. या काळात एकही बिल मी मुदतीनंतर भरलेले नाही. हे कौतुकासाठी सांगत नाही. 23 जून ही या बिलाची शेवटची तारीख आहे आणि त्यातील रोमिंगची रक्कम मी भरणार नाही, हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट व्हावे म्हणून सांगतो. महिन्याचे नेहमीचे भाडे मी काल स्वतंत्र भरले आहे.

माझी मुलगी जर्मनीत कॉन्स्टान्स या गावी राहते. मे महिन्याच्या सुरुवातीला तिने घर बदलले. नव्या घरात इंटरनेट जोडायला तंत्रज्ञाने 2 जूनची तारीख दिली होती. (आपल्याकडे केबलवाला ‘उद्या येतो’ म्हणतो आणि परवा येतो. तिकडे महिन्यानंतरची तारीख देतात आणि त्या तारखेला येतात. कोणते बरे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.) घरात वायफाय नसणार म्हणून मी 12 मे रोजी आपल्या कोल्हापूरच्या दुकानात जाऊन ₹3,999 चा तीस दिवसांचा रोमिंग पॅक घेतला. काउंटरवरच्या मुलाला मी गावाचे नाव सांगितले, मोबाइलवर नकाशा उघडून दाखवला आणि विचारले, “हे गाव अगदी स्वित्झर्लंडला चिकटून आहे, काही अडचण?” तो म्हणाला, “काका, जर्मनीचा पॅक हाय न्हवं, काय बी काळजी करू नका. तिकडं उतरला की डेटा रोमिंग तेवढं चालू ठेवा.” मी ते चालू ठेवले.

15 मे रोजी फ्रँकफर्टला उतरताच आपला स्वागताचा एसएमएस आला, पॅक सुरू झाला, कोल्हापूरला फोनही लागला. तिथून रेल्वेने कॉन्स्टान्सला पोचलो. येथपर्यंत माझी काहीही तक्रार नाही.

24 मे रोजी सकाळी उठलो तर फोन मेलेला होता. कॉल जात नव्हता, येत नव्हता, एसएमएस नाही, डेटा नाही. दुसऱ्या दिवशी मुलीच्या फोनवरून आपल्या केंद्राशी बोलल्यावर कळले की मी स्वित्झर्लंडमध्ये पॅकशिवाय डेटा वापरला, रक्कम ₹15,000 च्या मर्यादेपलीकडे गेली आणि म्हणून सेवा थांबवली. आपल्या पॅकच्या देशांच्या यादीत स्वित्झर्लंड नाही, असेही त्या बाईंनी सांगितले. ही यादी पुढे मला आपल्या संकेतस्थळावरील एका पीडीएफच्या अकराव्या पानावर सापडली.

महोदय, मी स्वित्झर्लंडमध्ये फोन घेऊन एकदाही गेलेलो नाही.

हे वाक्य मी असे नेमके का लिहिले ते सांगतो. मी तीस वर्षे भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. हद्द हा माझ्या पोटापाण्याचा विषय. मुलीचे घर कॉन्स्टान्सच्या पॅराडीज भागात आहे. ऱ्हाइन नदीच्या अलीकडे, म्हणजे स्वित्झर्लंडच्या बाजूला, जर्मनीचा जो लहानसा तुकडा आहे त्यात हा भाग येतो. घरापासून हद्द माझ्या साडेतीनशे पावलांवर आहे. कॉन्स्टान्स आणि पलीकडचे स्विस क्रॉयत्सलिंगेन यांची घरे एकमेकांना लागून आहेत. कॉन्स्टान्सच्या तळ्याकाठी पूर्वी जाळीचे कुंपण होते, ते 2006 साली काढले आणि त्या जागी हद्दीवर बावीस शिल्पे उभी केली. हद्दीचे दगड म्हणून शिल्पे मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो, तेव्हा ती पाहिल्याशिवाय कसा राहीन? 22 मे रोजी संध्याकाळी जावयांबरोबर मी तिथे गेलो. खोटे कशाला बोलू, दोन शिल्पांच्या मधून मी एक पाय पलीकडे टाकला, मग दुसराही टाकला, आणि एखाद्या खातेदारासारखा स्वित्झर्लंडच्या बांधावर पाच मिनिटे उभा राहिलो.

त्या वेळी माझा फोन घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला होता.

आता आपले बिल पाहा. 22 मे, 23 वाजून 12 मिनिटे, स्वित्झर्लंड, 9.8 एमबी. बिलातील वेळ भारतीय आहे. उन्हाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते, म्हणजे तिथे तेव्हा 19 वाजून 42 मिनिटे झाली होती. मी त्याच वेळी शिल्पांजवळ होतो. जावयांच्या फोनमध्ये 19 वाजून 38 मिनिटांनी काढलेला माझा फोटो आहे, तो सोबत जोडला आहे. तेव्हा नोंद अशी होते : ग्राहक स्वतः स्वित्झर्लंडमध्ये गेला तेव्हा त्याचा फोन जर्मनीतल्या घरात होता, आणि कंपनीच्या हिशेबाने घरातला तो फोनच स्वित्झर्लंडला गेला होता. तीस वर्षांच्या नोकरीत मी बरेच चमत्कारिक सातबारे पाहिले, पण असा नाही.

हे कसे होते, हे मला ठाऊक आहे आणि आपल्याला तर त्याहून जास्त ठाऊक आहे. मोबाइलच्या लहरी हद्दीचे दगड वाचत नाहीत. पलीकडच्या टॉवरचा सिग्नल खिडकीतून आत येतो. मुलीचा फोन त्याच टेबलावर होता, पण तिचे सिमकार्ड जर्मन कंपनीचे, त्यामुळे तो जर्मन टॉवरलाच धरून राहिला. माझे सिम तिथे सर्वांनाच परके. त्यातला फोन ‘आपोआप नेटवर्क निवडा’ या व्यवस्थेवर होता आणि जे चालेल ते त्याने धरले. परदेशात आधी कोणते नेटवर्क धरायचे याची यादी सिमकार्डात कंपनीच लिहून ठेवते. ती यादी मी लिहिलेली नाही.

गडहिंग्लजला नोकरीत असताना हा अनुभव मी देशातच घेतला आहे. संकेश्वर जवळ, कर्नाटकची हद्द जवळ. देशांतर्गत रोमिंगला पैसे लागत त्या काळात, पाय महाराष्ट्रात आणि फोन कर्नाटकात, असे आम्हा हद्दीवरच्या लोकांचे कायमचे चालायचे. तेव्हा मिनिटामागे रुपया-दोन रुपये जायचे आणि आम्ही चार शिव्या देऊन गप्प बसायचो. आता एका एमबीला 550 रुपये जातात, म्हणून पत्र लिहितो आहे.

बिलातील बाकीच्या नोंदीही तशाच आहेत. 20 मेच्या 3.6 आणि 23 मेच्या 11.9 एमबी घरातल्याच. भावकीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी बारशाचे व्हिडिओ आले, ते फोनने आपोआप उतरवून घेतले. त्यातला एकही मी पाहिला नाही. 18 मेची 2.1 एमबीची नोंद मात्र मला विशेष आवडली. त्या वेळी आम्ही कॉन्स्टान्सहून मेर्सबुर्गला जाणाऱ्या बोटीत होतो. दोन्ही गावे जर्मनीची, मध्ये पंधरा मिनिटांचे पाणी. मुलीने सांगितले म्हणून नंतर वाचले, की या तळ्याच्या मुख्य भागात जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांनी आपापली हद्द तहाने आजपर्यंत ठरवलेलीच नाही. तिन्ही सरकारांना जे जमले नाही ते आपल्या बिलिंग विभागाने 2.1 एमबीत करून दाखवले.

डेटाचे 27.4 एमबी म्हणजे ₹15,070, आलेल्या कॉलची अकरा मिनिटे ₹990, त्यावर 18 टक्के जीएसटी ₹2,890.80. बेरीज बरोबर आहे. बेरजेबद्दल वाद नाही.

वाद आहे तो आपल्या गप्प बसण्याबद्दल. परदेशी नेटवर्क माझ्या फोनला सेवा देण्याआधी आपल्या यंत्रणेला विचारते की हा ग्राहक तुमचा का, याला घेऊ का. आपली यंत्रणा होकार देते तेव्हाच फोन चालतो. म्हणजे माझा फोन स्विस टॉवरला लागला हे मला कळले नाही, पण आपल्याला त्याच क्षणी कळले. माझ्या पॅकमध्ये स्वित्झर्लंड नाही हेही आपल्याला ठाऊक होते. तरी एक एसएमएस आला नाही. आपले प्रतिनिधी म्हणतात, पाठवला होता. मी फोनमधील 15 ते 24 मे या काळातील सर्व एसएमएसचे फोटो जोडले आहेत. त्यात आपल्याकडून आलेला स्वागताचा एक आणि कॉलर ट्यूनची जाहिरात करणारे चार आहेत. स्वित्झर्लंड हा शब्द कुठेही नाही. पाठवला असल्यास तो माझ्या फोनवर पोचल्याची नोंद दाखवावी.

आणि ₹15,000 च्या वर गेल्यावर जी यंत्रणा सेवा बंद करू शकते, तिला पॅकबाहेरच्या देशाचा पहिला एमबी थांबवता येत नव्हता, हे मला पटत नाही. आम्ही एका गुंठ्याची मोजणी करायची म्हटली तरी लगतच्या खातेदारांना आधी नोटीस काढत होतो. नोटीस न देता बांध सरकवला तर त्याला आमच्या खात्यात बांध कोरणे म्हणतात.

सेवा बंद केली तीही धड नाही. थकबाकीच नव्हती, बिलही निघाले नव्हते, तरी येणारे कॉल आणि एसएमएससुद्धा थांबवले. त्यामुळे बँकेचा ओटीपी येईना. ते एक वेळ जाऊ दे, जावयांनी खर्च चालवला, सासऱ्याला जे अवघड वाटायचे ते वाटले. पण 24 मे रोजीच माझ्या थोरल्या भावाला छातीत दुखते म्हणून दवाखान्यात नेले होते. पुतण्या दिवसभर माझा नंबर लावत होता. त्याच्याकडे मुलीचा नंबर नव्हता. आम्हाला कळले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. भाऊ आता बरा आहे. या गोष्टीची भरपाई मी मागत नाही, कारण ती कशी मोजायची हे मला येत नाही.

25 मेच्या तक्रारीवर आपल्या अधिकाऱ्याने माझ्याकडे पासपोर्टची प्रत मागितली, ‘स्वित्झर्लंडला गेला नसाल तर शिक्का नसेल, तपासतो’ म्हणून. मी पाठवली. त्यावर 15 मेचा फ्रँकफर्टला उतरल्याचा आणि 10 जूनचा तिथूनच निघाल्याचा शिक्का आहे. पण त्यांना एवढे तरी कळायला हवे होते की स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसला तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या हद्दीवर पासपोर्टवर शिक्के न मारणाऱ्या देशांत आहे, आणि जर्मनीतून तिकडे चालत जाणाऱ्याला कुणी शिक्का मारत नाही. म्हणजे माझा पासपोर्ट काहीच सिद्ध करत नाही, ना माझ्या बाजूने, ना तुमच्या. मग 16 जूनला ‘तपासणीअंती बिल योग्य आढळले’ हे कोणत्या कागदावरून आढळले? 13 जूनला दुकानात गेलो तर तिथे ‘वरून’ उत्तर येईल म्हणाले. वर कोण आहे ते मात्र कुणाला सांगता येईना.

माझे म्हणणे एवढेच : ₹18,950.80 ची आकारणी पूर्ण रद्द करून सुधारित बिल द्यावे. 23 जूननंतर विलंब शुल्क लावू नये, माझा क्रमांक बंद करू नये आणि या रकमेसाठी वसुलीवाल्यांचे फोन येऊ देऊ नयेत. चारही नोंदींच्या वेळी फोन कोणत्या नेटवर्कच्या कोणत्या टॉवरवर होता, याची माहिती त्या परदेशी कंपनीकडून मागवून मला लेखी द्यावी. तो टॉवर स्वित्झर्लंडमध्ये असेल हे मी आधीच मान्य करतो. फोन कुठे होता, हा प्रश्न आहे. आणि हद्दीजवळ जाणाऱ्या ग्राहकाला पॅकबाहेरच्या नेटवर्कवर डेटा आपोआप बंद राहील अशी सोय आपल्याकडे आहे की नाही, असल्यास ती दुकानात का सांगत नाहीत, याचेही उत्तर हवे.

सात दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण विनियम, 2012 प्रमाणे आपल्या अपील प्राधिकरणाकडे जाईन. तिथे अपील 39 दिवसांत निकाली काढायचे असते, हे माहीत आहे. त्यानंतर कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी आयोगापुढे नेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलेले आहे. निवृत्तीनंतर माझ्याकडे वेळ आहे आणि हद्दीच्या दाव्यात तारखांना हजर राहायची सवय जुनी आहे.

बिल, एसएमएसचे फोटो, 22 मेचा फोटो, पॅकची पावती, तसेच घर व हद्द यांचा मी हाताने काढलेला नकाशा सोबत आहे. नकाशा प्रमाणात आहे.

आपला,
एक पोस्टपेड ग्राहक
(नाव व क्रमांक आपल्या नोंदीत आहे)

ता. क. : दुकानातल्या त्या मुलावर कृपया कारवाई करू नये. 13 जूनला मी त्याला ते अकरावे पान दाखवले, तेव्हा तोही पहिल्यांदाच वाचत होता.